व्होल्टेजची शिडी

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेकडची राज्यं उरलेल्या देशाबरोबर एकाच फ्रिक्वेन्सीवर चालू लागली. २०८ किलोमीटरच्या या तारांनी चादरींच्या गावाला देशाच्या वीज-नकाशावर मानाची जागा मिळवून दिली. ७६५ हा आकडा दोन तारांमधल्या दाबाचा. एका तारेचा जमिनीशी दाब पाहिला तर तो सुमारे ४४२ किलोव्होल्ट, आणि लाटेच्या शिखरावर सव्वासहा लाख व्होल्ट.

या आकड्याच्या जवळपास माणूस १९३२ सालीच पोचला होता, आणि तेही अगदी निराळ्या वाटेनं. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जॉन कॉकक्रॉफ्ट आणि अर्नेस्ट वॉल्टन यांनी सात-आठ लाख व्होल्टांपर्यंत जाणारं यंत्र उभारलं. १४ एप्रिलला त्यांनी प्रोटॉन वेगात नेऊन लिथियमवर आदळवले आणि अणूचं केंद्रक फुटलं. माणसानं बनवलेल्या यंत्रातून वेग दिलेल्या कणांनी केंद्रक फोडण्याची ती पहिली वेळ. १९५१ चं नोबेल त्यांना यासाठीच मिळालं.

सोलापूरच्या सबस्टेशनात दाब चढवण्या-उतरवण्याचं काम ट्रान्सफॉर्मर करतो. लोखंडी गाभा, तांब्याची वेटोळी, तेलानं भरलेली टाकी. शेकडो मेगावॅट त्यातून जातात आणि वीज एसीच राहते. केंब्रिजच्या यंत्रात ट्रान्सफॉर्मर होता, पण त्याचं काम पहिला धक्का देण्यापुरतं. पुढची चढण कपॅसिटर आणि एकाच दिशेनं वीज जाऊ देणारे रेक्टिफायर यांनी चढायची. वर मिळणारी वीज डीसी, प्रवाह मात्र मायक्रोॲम्पियरच्या घरातला. या दुसऱ्या वाटेबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं आणि मला ते खटकतं, कारण तिचा वंश आज घराघरांत आहे.

मूळ कल्पना स्विस शास्त्रज्ञ हाइनरिख ग्राइनाखर यांची. १९१३ मध्ये त्यांच्या मापनयंत्राला दोन-तीनशे व्होल्ट हवे होते आणि झुरिकच्या वीजकंपनीकडून मिळत होते ११० व्होल्ट एसी. त्यांनी दोन डायोड आणि दोन कपॅसिटर जोडले. एसीच्या एका अर्ध्या फेरीत पहिला कपॅसिटर शिखराच्या दाबापर्यंत भरतो. फेरी उलटते तेव्हा स्रोताचा दाब आणि या भरलेल्या कपॅसिटरचा दाब एकाच दिशेला येतात, त्यांची बेरीज होते आणि दुसरा डायोड ती बेरीज दुसऱ्या कपॅसिटरमध्ये नेऊन ठेवतो. डायोड असल्यामुळे परतीचा रस्ता बंद. हा झाला डबलर. १९२० मध्ये ग्राइनाखर यांनी अशी एकावर एक पायरी चढवून सबंध शिडी मांडली. प्रत्येक पायरी शिखराच्या दुप्पट दाब जोडते.

या रचनेचं खरं सौंदर्य मला दुसरीकडेच दिसतं. वर लाखो व्होल्ट असले तरी कुठल्याही एका कपॅसिटरला किंवा डायोडला त्याच्या पायरीपुरताच दाब सोसायचा असतो. साधे, स्वस्त भाग, आणि ओझं सगळ्यांत वाटलेलं.

पण फुकट काहीच मिळत नाही. बांधकामावर मजूर जिन्यावर ओळीनं उभे राहून घमेली हातोहात वर चढवतात, तसा विद्युतभार प्रत्येक फेरीत एकेक पायरी चढतो. वरून जेवढा प्रवाह काढाल तेवढी घमेली खालच्या प्रत्येक पायरीवरून गेलेली असतात, आणि तळच्या कपॅसिटरवर सगळ्यांत जास्त भार पडतो. त्यामुळे प्रवाह काढताच दाब घसरतो, आणि ही घसरण पायऱ्यांच्या संख्येच्या साधारण घनानं वाढते. फ्रिक्वेन्सी वाढवली किंवा कपॅसिटर मोठे घेतले की ती कमी होते.

सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ पासून अभियंते घडवत आहे. तिथल्या किंवा कुठल्याही कॉलेजच्या मुलांनी हे टेबलावर करून पाहावं. ६ व्होल्ट एसी देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर घ्या, शिखर साडेआठ व्होल्ट. आठ डायोड आणि १० मायक्रोफॅरडचे आठ कपॅसिटर घेऊन चार पायऱ्या करा. डायोडमधली घट धरून मोकळ्या टोकाला सुमारे ६२ व्होल्ट यायला हवेत. आता १५० किलोओहमचा रोध जोडा. हिशेबानं दाब ३७ व्होल्टांच्या आसपास उतरतो. मग पाचवी पायरी लावा. मोकळ्या टोकाला दाब वाढून ७८ होतो, पण तोच रोध जोडला की ३४! एक पायरी वाढवून तीन व्होल्ट गमावले. कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक असतील तर आकडे थोडे इकडेतिकडे होतील, घसरण मात्र दिसेलच. हाच जोड ५० हर्ट्झऐवजी ५० किलोहर्ट्झवर चालवला तर घसरण हजारपटीनं घटते. बदलत्या काळात हे सर्किट टिकलं ते मुख्यतः या एका गुणावर.

डासांच्या दिवसांत दुकानादुकानांत टांगलेली मच्छर मारायची बॅट घ्या. आत छोटी चार्जिंगची बॅटरी. एक ट्रान्झिस्टर तिच्या डीसीचे किलोहर्ट्झच्या वेगानं तुकडे पाडतो, बोटाएवढा फेराइट ट्रान्सफॉर्मर दाब काही शे व्होल्टांवर नेतो, आणि पुढे बहुधा तीन-चार डायोड व चिमुकल्या कपॅसिटरांची शिडी. जाळीवर हजार-दीड हजार किंवा त्याहून जास्त व्होल्ट. मधली जाळी एका टोकाला, बाहेरच्या दोन दुसऱ्या टोकाला. डास मध्ये आला की ठिणगी. जाळीच्या बाजूचा कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडचा आणि दाब दीड हजार धरला तर साठलेली ऊर्जा भरते जेमतेम ०.०५ ज्यूल. डासाला पुरेशी, माणसाला झटक्यापुरती.

ही बॅट उघडणाऱ्या कारागिराला शिडीचं शास्त्र बोटांनी माहीत असतं. बारीक शिटी ऐकू येते पण ठिणगी नाही, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू आहे आणि दोष पुढे आहे: ४००७ क्रमांकाचा डायोड शॉर्ट झालाय किंवा कपॅसिटर गळतोय. शिटीच नसेल तर आधी बॅटरी आणि स्विच. बटण सोडल्यावरही जाळीवर भार राहतो, म्हणून तो आधी स्क्रूड्रायव्हरनं दोन जाळ्या टेकवतो. जुन्या रंगीत टीव्हीत पिक्चर ट्यूबला पंचवीसेक हजार व्होल्ट पुरवणारा ट्रिपलर हा याच शिडीचा भाऊ, आणि तो सांभाळलेले हात बॅटीला बिचकत नाहीत. अशा हातांना आपण मेकॅनिक म्हणून मोकळे होतो. त्यांच्या निदानाला अभ्यासक्रमात जागा द्यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

मोठ्या यंत्रांकडे वळायचं तर लांब जावं लागत नाही. १९५० च्या दशकात मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडे १० लाख व्होल्टचा कॉकक्रॉफ्ट-वॉल्टन प्रवेगक होता. आज नवी मुंबईत खारघरला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या इलेक्ट्रॉन बीम सेंटरमध्ये ३० लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि ३० किलोवॅटचा डीसी प्रवेगक आहे. अशा इलेक्ट्रॉनच्या झोतानं केबलवरचं प्लास्टिक उष्णतेला टिकेल असं घट्ट विणलं जातं. इथे शिडीची जोडणी बदललेली आहे. जुन्या रचनेत खालचा धक्का प्रत्येक कपॅसिटरमधून पार होत वर जातो आणि वाटेत क्षीण होतो. खारघरच्या यंत्रात प्रत्येक पायरीला धक्का थेट, समांतर मिळतो, सभोवती सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचं आवरण असतं.

चिपमध्येही हाच पेच आला. सिलिकॉनवर बनवलेल्या कपॅसिटरचा थोडा भार नेहमीच खालच्या पट्टीकडे गळतो, त्यामुळे एकामागून एक धक्के देणारी शिडी तिथे दम तोडते. १९७६ मध्ये जॉन डिक्सन यांनी प्रत्येक कपॅसिटर थेट घड्याळाच्या स्पंदाला जोडला, विषम पायऱ्या एका स्पंदाला आणि सम पायऱ्या त्याच्या उलट स्पंदाला. वरच्या कपॅसिटरना पूर्ण दाब सोसावा लागतो ही त्याची किंमत, पण वीसेक व्होल्टांत ती परवडते. हाच चार्ज पंप. इथे घसरण पायऱ्यांच्या सरळ प्रमाणात होते: १० पिकोफॅरडचे कपॅसिटर, १ मेगाहर्ट्झ, १ मायक्रोॲम्पियर, म्हणजे पायरीमागे ०.१ व्होल्ट.

फोनमध्ये फोटो साठतो तेव्हा ३.३ व्होल्ट किंवा त्याहून कमी दाबावर चालणाऱ्या फ्लॅश मेमरीला आतल्या आत पंधरा-वीस व्होल्ट तयार करावे लागतात. त्या दाबानं इलेक्ट्रॉन ऑक्साइडच्या पातळ थरातून पार ढकलले जातात आणि वीज गेली तरी अडकून राहतात. वाचायला एवढा दाब लागत नाही. लिहायचं तर पंपानं आधी दाब चढवायचा, मग थोडं लिहून तपासायचं, पुन्हा थोडं लिहायचं. म्हणून पेन ड्राइव्हमधून फाइल काढायला लागतो त्याहून जास्त वेळ ती त्यात भरायला लागतो.