विश्लेषण : धनुष्यबाणाच्या शिकारीत ‘ग्राउंड ब्लाइंड’ शांत का हवा? कमी पैशांत तो कसा निवडतात?

अमेरिकेत सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडला, की बहुतेक राज्यांत धनुष्यबाणाने हरणांची शिकार करण्याचा परवानाधारकांचा हंगाम सुरू होतो. बंदुकीचा मुख्य हंगाम साधारणपणे त्यानंतर येतो. बंदूकवाला शंभर-दीडशे यार्डांवरून नेम धरू शकतो. धनुर्धाऱ्याला मात्र जनावर २०-२५ यार्डांवर यावे लागते. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते, हे लक्षात घेतले म्हणजे हे अंतर डोळ्यांसमोर येईल. एवढ्या जवळ आलेल्या हरणाला चाहूल न लागू देता धनुष्य ओढायचे, तर मध्ये काही तरी आडोसा हवा. हा आडोसा म्हणजे ‘ग्राउंड ब्लाइंड’. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर नवशिके शिकारी दुकानात जातात, छापील पानाफांद्यांची नक्षी पाहून तंबू घेतात आणि पहिल्याच पहाटे खिडकीचा वेल्क्रो ‘चर्रर्र’ वाजला, की समोरचे हरीण शेपटी उंचावून पसार होते.

ग्राउंड ब्लाइंड म्हणजे नेमके काय?

जमिनीवर उभारायचा, भिंतीत खिडक्या असलेला, आतून काळा कापडी तंबू. त्याचे दोन प्रकार सर्रास दिसतात. एक, लवचिक पोलादी पट्टीचा. घडीची मच्छरदाणी पिशवीतून काढताच फटकन उघडते, तसाच हाही उघडतो. हलका आणि स्वस्त, पण वाऱ्यात डुलणारा. दुसरा ‘हब’ पद्धतीचा. यात प्रत्येक भिंतीच्या मध्यभागी एक चकती असते आणि तिच्यापासून चार फायबरग्लासच्या काठ्या चार कोपऱ्यांकडे जातात. चकतीचा पट्टा बाहेर ओढला, की भिंत छत्रीसारखी ताणून बसते. थोडे वजन वाढते, पण भिंती ताठ राहतात. आवाजाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. ताठ कापड फडफडत नाही.

झाडावरचे मचाण सोडून जमिनीवर का यायचे?

पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार अमेरिकेत बहुतांशी ‘ट्री स्टँड’वरून, म्हणजे झाडाला बांधलेल्या मचाणावरून होते. उंचीमुळे शिकारी हरणाच्या नजरेच्या वर राहतो. पण शिकारीतील अपघातांचे एक मोठे कारण म्हणजे या मचाणावरून पडणे. अंधारात चढउतार करताना पाय निसटतो, सुरक्षापट्टा बांधायचा कंटाळा केलेला असतो. ज्येष्ठ नागरिक, गुडघेदुखीचे रुग्ण, मुलांना सोबत नेणारे पालक यांना जमीनच बरी. शिवाय जमिनीवरून सुटलेला बाण जनावराच्या बरगड्यांतून आडवा जातो आणि दोन्ही फुप्फुसे गाठण्याची शक्यता वाढते. तोटा इतकाच, की नाक, कान, डोळे असा सगळा पहारा आता शिकाऱ्याच्याच पातळीवर असतो.

आवाजाने एवढे काय बिघडते?

इथे थोडे गणित करावे लागेल. आधुनिक कंपाउंड धनुष्यातून सुटणारा बाण सेकंदाला साधारण २८० फूट जातो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ११०० फूट. हरीण २० यार्डांवर, म्हणजे ६० फुटांवर उभे असेल, तर बाणाला तिथे पोहोचायला ०.२१ सेकंद लागतात आणि प्रत्यंचेचा आवाज ०.०५ सेकंदात पोहोचतो. म्हणजे बाण येण्याआधी हरणाला सेकंदाच्या सहाव्या हिश्शाइतकी उसंत मिळते. ३० यार्डांवर हीच उसंत जवळपास पाव सेकंद होते.

निवांत चरणारे हरीण एवढ्या वेळात फारसे काही करू शकत नाही. पण आधीच बिथरलेले, कान टवकारून उभे असलेले हरीण आवाज होताच पळण्यासाठी पाय मुडपते. त्याने अंग खाली दाबले, की फुप्फुसांवर धरलेला नेम पाठीच्या वरच्या भागात किंवा खांद्यात बसतो. शिकारी याला ‘स्ट्रिंग जंपिंग’ म्हणतात. प्रत्यंचेचा आवाज पूर्ण बंद करता येत नाही. पण त्याआधीची पंधरा मिनिटे जनावर बेसावध राहील, एवढे तंबूच्या हाती असते.

बाण गोळीसारखा धक्का देऊन मारत नाही. धारदार पात्याने रक्तवाहिन्या कापल्या जातात आणि रक्तस्रावाने जनावर कोसळते. हृदय-फुप्फुसांत बाण लागला, तर हे काही सेकंदांत होते. तो भलतीकडे लागला, तर जखमी हरीण मैलभर पळते, झुडपात जाऊन पडते, कधी सापडतच नाही. मागावर निघण्याआधी अर्ध्या तासापासून काही तास थांबण्याची शिस्त अनुभवी शिकारी पाळतात, ती याचसाठी. शांत तंबूचा प्रश्न हा शिकार हुकण्याचा नाही, तर अर्धवट होण्याचा आहे. अर्धवट शिकारीची लाज त्या समाजातही मोठी आहे.

हरणाचे कान माणसापेक्षा फार तीक्ष्ण असतात असे सरसकट म्हटले जाते. त्यात एक खोच आहे. हरणाला माणसापेक्षा वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येतात, आणि वेल्क्रो, चेन, नायलॉनची सळसळ, धातूचा किणकिणाट यांत वरच्या पट्टीचे सूर भरपूर असतात. त्याउलट फांदी पडणे, पाचोळ्यात खार धावणे हे रोजचे आवाज हरीण मनावर घेत नाही. आवाज किती मोठा, यापेक्षा तो रानातला आहे की नाही, हे त्याला कळते.

मग तंबूत आवाज येतो कुठून?

सर्वांत आधी कापडातून. स्वस्त तंबूचे पॉलिस्टर पातळ, चकचकीत आणि आतून प्लास्टिकसारखा लेप दिलेले असते. त्यावर बाही घासली, की रेनकोटसारखी सळसळ होते. दुकानात परीक्षा सोपी आहे. जॅकेट घालून कोपर भिंतीवरून फिरवायचे आणि मग नख ओढायचे. लव असलेले, जरा जाड कापड ‘खस्स’ करून गप्प बसते. सुती कॅनव्हास सर्वांत शांत, पण भिजला की जड होतो आणि नीट वाळवला नाही तर बुरशी धरतो.

दुसरा गुन्हेगार खिडकी. किमतीतला बराच फरक इथेच असतो. तळाच्या किमतीत वेल्क्रो किंवा चेन मिळते. त्यावरच्या किमतीत खुंटी आणि इलॅस्टिकचा फास, किंवा हुकावर वरखाली सरकणारा पडदा. दिसायला क्षुल्लक गोष्ट, पण डोळे मिटून, हातमोजा घालून, एका हाताने खिडकी उघडून पाहावी. जमली आणि वाजली नाही, तर तंबू घ्यावा. दाराच्या चेनचा मात्र फार बाऊ करू नये. ती पहाटे आत शिरताना एकदाच ओढायची असते. तिची धातूची कडी काढून नाडी बांधली आणि दातांवर मेणबत्ती घासली, तरी काम भागते.

तिसरे, सांगाडा. पहाटे पारा उतरला, की फायबरग्लासच्या काठ्या सांध्यात ‘टक्’ करतात. तंबू नीट ताणून, चारही बाजूंनी दोऱ्या बांधून ठेवला तर हे बरेच कमी होते. भिंत बाहेर ढकलताना होणारा ‘धप्प’ आवाज मात्र टळत नाही. म्हणून ज्या दिवशी शिकार, त्याच पहाटे तंबू उभारणे हा हरणांच्या बाबतीत शहाणपणा नव्हे. दोन-तीन आठवडे आधी उभारून आजूबाजूच्या फांद्या, गवत त्यावर खोचले म्हणजे आवाजही होत नाही आणि हरणांना तो सवयीचाही होतो. रानटर्कीचे मात्र वेगळे. मोकळ्या शेतात अचानक उगवलेल्या तंबूकडे हा पक्षी सहसा ढुंकूनही पाहत नाही.

आणि चौथे, स्वतः शिकारी. खुर्ची करकरते, धनुष्य तंबूच्या काठीवर आपटते, बुटाखाली पाचोळा चुरचुरतो. बहुतेक आवाज इथूनच येतात आणि ते थांबवायला एक डॉलरही लागत नाही. आतला पाचोळा झाडून माती उघडी करावी किंवा जुन्या सतरंजीचा तुकडा अंथरावा. घडीच्या खुर्चीच्या बिजागरीला तेल द्यावे आणि घरी अर्धा तास बसून ती किती बोलते ते ऐकावे. बाण टेकतो त्या जागी मऊ फेल्ट चिकटवावी. लागणाऱ्या खिडक्या उजाडण्याआधीच उघडून ठेवाव्यात.

धनुष्यासाठी जागा किती लागते?

बंदुकीसाठी चालणारा तंबू धनुष्याला चालेलच असे नाही. धनुष्य ओढताना मागचा कोपर भिंतीला आणि वरचे टोक छताला लागता कामा नये. वेष्टनावर पायथ्याची लांबी-रुंदी लिहिलेली असते, पण पाहायचे ते मधले माप, समोरासमोरच्या चकत्यांमधले. एकट्याने बसायचे असेल, तर ते सुमारे ७० इंच आणि उंची ६५ इंचांच्या वर असावी. सोबत कुणी असेल तर त्याहून मोठा हवा. क्रॉसबो आडवा धरतात. त्याला उंची कमी चालते, पण बाण सुटताना त्याचे दोन्ही पंख झटक्याने हलतात. ते भिंतीला किंवा खिडकीच्या चौकटीला अडकता कामा नयेत.

इथे एक फसगत हमखास होते. नेम धरायची खूण बाणापेक्षा काही इंच वर असते. खुणेतून हरीण स्वच्छ दिसते, शिकारी बाण सोडतो आणि तो खिडकीच्या खालच्या कडेत घुसतो. म्हणून खिडकीची खालची कड बसल्यावर कुठे येते, हे घरच्या अंगणात सरावाचे बाण मारून पाहिल्याशिवाय तंबू रानात नेऊ नये. काही तंबूंच्या खिडक्यांना अशी जाळी असते की तिच्यातून आरपार बाण मारता येतो. तिथे स्थिर पात्याचेच टोक वापरावे. आदळल्यावर उघडणारी यांत्रिक पाती जाळीतच उघडतात आणि बाण भरकटतो.

पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत?

दोन माणसांचा साधा तंबू साधारण १०० डॉलरच्या आसपास मिळतो. आतून बाहेरचे दिसते पण बाहेरून आतले दिसत नाही, अशा भिंतींचे नामांकित कंपन्यांचे तंबू ४०० डॉलरच्या पुढे जातात. या पारदर्शक भिंती सोयीच्या आहेत, आवश्यक नाहीत. नक्षीवर तर जादा पैसे घालूच नयेत. हरणाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, निळसर रंग मात्र चांगला दिसतो. छापील ओकची पाने पाहून ग्राहक भुलतो, हरीण नव्हे. खरे लपवणे आतल्या अंधाराने होते. मागच्या खिडक्या बंद ठेवून आत काळा शर्ट घातला, की समोरून काही दिसत नाही. खर्च करायचाच, तर शांत खिडकी, जाड कापड आणि मधली रुंदी यांवर करावा. हंगाम संपल्यावर निघणाऱ्या सवलतींत मधल्या किमतीचा तंबू तळाच्या किमतीला मिळून जातो. जुना घेताना काठ्यांचे सांधे आणि छताचे कापड पाहावे. उन्हाने विरलेले कापड बोटाने दाबताच उसवते.

सार्वजनिक जमिनीवर बसायचे असेल, तर त्या राज्याचे नियम वाचावे लागतात. विस्कॉन्सिनमध्ये सरकारी शिकार-जमिनीवर बंदुकीच्या हंगामात तंबूवर सर्व बाजूंनी दिसेल असा किमान १४४ चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी रंग लावावा लागतो. लपण्यासाठी घेतलेला तंबू दुसऱ्याच्या गोळीपासून वाचण्यासाठी दिसायलाही हवा!

तंबूच नको असेल तर?

गोणपाट आहे. दोन-तीन झाडांना कमरेच्या वर येईल एवढे तपकिरी गोणपाट ताणून बांधायचे, समोर तोडलेल्या फांद्या रोवायच्या, मागे जाड बुंध्याला टेकून बसायचे. वीस-तीस डॉलरच्या आतले काम. गोणपाट सळसळत नाही, चमकत नाही, उंदराने कुरतडले तरी दुःख नाही. पावसापासून संरक्षण मिळत नाही आणि धनुष्य ओढताना होणारी हालचाल पूर्णपणे झाकली जात नाही, हे त्याचे उणेपण. हरणाचे डोके झाडामागे जाईपर्यंत थांबण्याचा धीर ज्याच्याकडे आहे, त्याला हे चालते. वाऱ्याची दिशा मात्र तंबू असो वा गोणपाट, दोन्हीकडे सारखीच पाहावी लागते. जमिनीवर बसलेल्या माणसाचा वास थेट हरणाच्या नाकाच्या उंचीवर वाहतो.

भारतात याचा काय उपयोग?

शिकारीसाठी काही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार आपल्याकडे वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. मात्र हाच तंबू पक्षी-छायाचित्रकार ‘हाइड’ म्हणून वापरतात आणि निवडीची बरीच कसोटी तीच राहते : न वाजणारी खिडकी, लव असलेले कापड, आत काळोख. उंचीची गरज कमी, कारण धनुष्य ओढायचे नसते. खिडकी ट्रायपॉडवरच्या लेन्सच्या पातळीवर आली की पुरे. राखीव वनात तो लावायला वन विभागाची परवानगी लागते आणि घरट्याजवळ तो लावूच नये. फरक पडतो तो हवेचा. विस्कॉन्सिनच्या थंडीत उबदार वाटणारा काळ्या अस्तराचा तंबू विदर्भातल्या एप्रिलमध्ये सकाळी नऊलाच भट्टी होतो. इथे घेताना छताजवळ हवा खेळती ठेवणारी जाळी आहे की नाही, ते आधी पाहावे.