चुंबकाला आवर घालणारी विद्या

निसानने 2010 मध्ये बाजारात आणलेल्या ‘लीफ’ या विजेच्या मोटारीत गिअर बदलण्याची सोयच नव्हती. चाकांशी कायम एकाच गुणोत्तराने जोडलेली तिची 80 किलोवॉटची मोटर 280 न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क देई, पण तो मिनिटाला सुमारे 2,730 फेऱ्यांपर्यंतच. तरीही हीच मोटर 10,000 फेऱ्यांच्या पुढे जात असे. या जवळपास चौपट पल्ल्याचे श्रेय तांब्या-लोखंडाइतकेच तिच्या नियंत्रकाला आहे. विजेच्या गाड्यांची सारी चर्चा बॅटरीभोवती फिरते, तेव्हा नियंत्रकाचे हे काम नजरेआड होते.

अडचण मोटरच्या स्वभावातच आहे. रोटरमधले चुंबक फिरू लागले की वेटोळ्यांत उलटा विद्युतदाब तयार होतो आणि तो वेगाबरोबर वाढत जातो. बॅटरीचा दाब मात्र वेगाबरोबर वाढत नाही. दोन्ही बरोबरीला आले की प्रवाह आत ढकलायला जोर उरत नाही. अशा वेळी नियंत्रक प्रवाहाचा काही भाग चुंबकाच्याच विरोधात वळवतो, त्याचा प्रभाव कमी करतो आणि वेगाला वाट मोकळी होते. यालाच फील्ड वीकनिंग म्हणतात. त्यासाठी तीन फेजचे प्रवाह रोटरसोबत फिरणाऱ्या दोन अक्षांवर मांडावे लागतात. रॉबर्ट पार्क यांनी 1929 मध्ये त्याचे गणित मांडले, तर 1970च्या आसपास जर्मनीत हासे आणि ब्लाश्के यांनी त्यावर नियंत्रणाची पद्धत उभारली. तिला अचूकता मोठी लागते. आठ ध्रुवांच्या मोटरमध्ये 10,000 फेऱ्यांना सेकंदाला सुमारे 667 विद्युतचक्रे होतात. तिथे सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाचा उशीर झाला, तरी कोन 24 अंशांनी चुकतो.

चुंबकाशी झुंजण्यात वीज वाया जाते, हा आक्षेप खरा आहे. पण गिअरबॉक्स घातला तर वजन, घर्षण आणि किंमत वाढते. बॅटरीचा दाब वाढवला तर मर्यादा पुढे सरकते, नाहीशी होत नाही. वेढे कमी केले तर सुरुवातीच्या टॉर्कसाठी जास्त प्रवाह लागतो. शिवाय चुंबक रोटरच्या आत बसवलेले असतील, तर याच उलट्या प्रवाहातून लोखंडाच्या रचनेमुळे जादा टॉर्कही मिळतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: वेगात असताना नियंत्रण सुटले, तर उलटा दाब बॅटरीवर मात करून तिच्यात अनिर्बंध प्रवाह सोडू शकतो. म्हणून अशा क्षणी तिन्ही फेज एकमेकांना जोडून तो प्रवाह मोटरमध्येच फिरवत ठेवण्याची तजवीज करावी लागते. गाडीचा वेग मोटरमधून येतो, पण तो सुरक्षितपणे वापरता येतो तो नियंत्रकामुळे. त्यामुळे विजेच्या गाडीची गुणवत्ता ठरवताना बॅटरीच्या बरोबरीने नियंत्रकाचीही पारख व्हायला हवी.