नोकरी सोडणाऱ्याची हमी कोणाकडे?

सतरा वर्षे चेन्नईत पगारी नोकरी केल्यानंतर चार वर्षांपूर्वी मी राजीनामा दिला आणि तिरुवैयारु या आमच्या मूळ गावी परतलो. तंजावरपासून तेरा किलोमीटरवर, कावेरीकाठच्या वडिलोपार्जित घरात बसून मी तांत्रिक मजकुराचे अनुवाद करतो. वरिष्ठ नाहीत, हजेरी नाही. या स्वातंत्र्याचे कौतुक मी अनेकांकडून ऐकले. त्याच्या किमतीबद्दल मात्र क्वचितच कोणी विचारले.

नोकरी नाकारण्याची एक प्रसिद्ध कथा याच गावची आहे. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी दिलेले दरबाराचे निमंत्रण संत त्यागराजांनी (१७६७-१८४७) स्वीकारले नाही आणि उंछवृत्तीने, म्हणजे दारोदारी मिळणाऱ्या भिक्षेवर संसार चालवला, असे परंपरा सांगते. त्यामुळे संतापलेल्या थोरल्या भावाने त्यांच्या पूजेतील मूर्ती कावेरीत फेकल्या, असेही तीच सांगते. लहानपणी तो भाऊ मला खलनायक वाटे. आता त्याचा राग थोडासा समजतो. निर्णय एकट्याचा होता, परिणाम साऱ्या घराचे होते. शिवाय त्यागराजांचे स्वातंत्र्य टिकले ते मूठभर तांदूळ घालणाऱ्या गावामुळे. आज ती जागा कोणी घ्यायची?

माझ्या राजीनाम्याबरोबर केवळ पगार गेला नाही. भविष्यनिर्वाह निधीत मालक भरत असलेला १२ टक्के वाटा थांबला. नोकरदाराविना त्या खात्यात मला स्वतः भर घालता येत नाही. आईवडिलांना सामावून घेणारा कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा संपला. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना २००९ पासून सर्व नागरिकांना खुली आहे हे खरे. पण तिथे मालकाचा वाटा नाही आणि ज्या महिन्यात देयके थकतात त्या महिन्यात पहिली कात्री याच बचतीला लागते.

देयके थकणे ही तर नित्याचीच बाब. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाची रक्कम जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवी. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज देय ठरते. माझ्याकडे ‘उद्यम’ नोंदणी आहे. तरीही एका ग्राहकाने पाच महिने पैसे दिले नाहीत, तेव्हा मी तक्रार केली नाही. माझे निम्मे काम त्याच्याकडूनच येत होते. हक्क कागदावर होता. तो बजावण्याची किंमत मला परवडणारी नव्हती.

ते पाच महिने घर चालले ते पत्नीमुळे. देयके तयार करणे, ग्राहकांना स्मरणपत्रे पाठवणे, कराचे हिशेब ठेवणे ही सारी कामे तीच करते. मी मात्र त्याला ‘माझा व्यवसाय’ म्हणतो. नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणात अशा व्यक्तीसाठी स्वतंत्र वर्ग आहे : घरच्या उद्योगातील विनावेतन मदतनीस. २०१७-१८ मध्ये देशातील कामकऱ्यांत स्वयंरोजगारितांचे प्रमाण ५२.२ टक्के होते. २०२३-२४ मध्ये ते ५८.४ टक्क्यांवर गेले. त्याच काळात विनावेतन मदतनीसांचे प्रमाण १३.६ वरून १९.४ टक्क्यांवर पोहोचले. म्हणजे स्वयंरोजगारातील ही वाढ जवळजवळ पूर्णपणे मोबदला न मिळणाऱ्यांची आहे. या आकड्यांना उद्यमशीलतेचा उत्सव मानणाऱ्यांनी ही दुसरी ओळही वाचावी.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगारांना कायद्यात स्थान दिले आणि अॅपचालक कंपन्यांवर उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणीचे बंधन घातले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु चार-पाच लहान ग्राहकांसाठी घरून काम करणाऱ्या अनुवादकाच्या, शिंपिणीच्या किंवा हिशेबनिसाच्या मागे अशी एकच कंपनी नसते. वर्गणी कोणाकडून घ्यायची, हा प्रश्न तिथे तसाच उरतो.

म्हणून सुरक्षा नोकरीशी नव्हे, व्यक्तीशी जोडली पाहिजे. भविष्यनिर्वाह निधीचे खाते नोकरी सुटल्यावरही चालू ठेवता यावे. अल्प उत्पन्न असणाऱ्याच्या वर्गणीत सरकारने भर घालावी. घरच्या उद्योगात राबणाऱ्या पत्नीलाही स्वतःच्या नावाचे खाते असावे. थकीत देयकांबाबत तक्रारीची वाट न पाहणारे उपाय हवेत. वेळेत न दिलेली रक्कम ग्राहकाला त्या वर्षीच्या खर्चात दाखवू न देणारी प्राप्तिकर कायद्यातील २०२४ पासूनची तरतूद अशीच आहे. ती अधिक काटेकोरपणे राबवली, तर दुबळ्याला बलवानाशी भांडावे लागणार नाही.

मी नोकरीत परतणार नाही. पण ‘तुझ्यासारखे आम्हीही सोडावे का?’ असे विचारणाऱ्या तरुणांना मी आता सरळ होकार देत नाही. घरातल्या माणसांना आधी विचारले का, एवढेच विचारतो. राज्यसंस्थेने आपला वाटा उचलेपर्यंत तो त्यांनाच उचलावा लागणार आहे.