जंगल राखणारे आणि बेटं घेणारे

सापगाव-शहापूरच्या पट्ट्यात फॉरेस्टची हद्द कुठून सुरू होते हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ती हद्द आखणाऱ्या खात्याचा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाशी काही संबंध आहे असं कोणी म्हटलं, तर मात्र लोक हसतील. पण संबंध आहे. १९०० च्या आगेमागे अमेरिकेत दोन गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या, परक्या मुलुखावर कब्जा आणि घरात सुधारणांचा सपाटा. या काळाबद्दलचे आपले बरेचसे समज अर्धवट आहेत.

समज : अमेरिकेने कधी वसाहती केल्या नाहीत.

केल्या, आणि भराभर केल्या. १८९८ मध्ये स्पेनशी काही महिन्यांचं युद्ध झालं. त्यातून पोर्तो रिको आणि ग्वाम हाती आले, आणि फिलिपिन्स दोन कोटी डॉलर मोजून घेतलं. हवाई बेटं त्याच वर्षी जोडली. क्यूबा नावाला स्वतंत्र झाला, पण त्याच्या कारभारात हात घालण्याचा हक्क अमेरिकेने लिहून घेतला. फिलिपिनो लोक स्पेनशी आधीपासूनच लढत होते, त्यांना नवा मालक नको होता. १८९९ ते १९०२ च्या युद्धात चार हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक आणि वीस हजारांच्या घरात फिलिपिनो लढवय्ये मेले. उपासमार आणि रोगराईने दगावलेल्या सामान्य माणसांचा अंदाज दोन लाखांच्या आसपास सांगतात. फिलिपिन्स स्वतंत्र झालं ४ जुलै १९४६ ला, आपल्या जेमतेम वर्षभर आधी.

‘गोऱ्यांचं ओझं’ उचला, असं कवितेतून अमेरिकेला सांगणारा रुडयार्ड किपलिंग जन्माने मुंबईकर होता, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

समज : सुधारक मंडळी साम्राज्याच्या विरोधात होती.

इथे गोंधळ होणं साहजिक आहे, कारण आपल्या डोक्यात सुधारक म्हणजे सज्जन आणि साम्राज्यवादी म्हणजे दुर्जन अशी सोपी वाटणी असते. थिओडोर रूझवेल्ट क्यूबात स्वतः लढायला गेला. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्याच माणसाने मोठ्या मक्तेदार कंपन्यांना कोर्टात खेचलं आणि १९०६ मध्ये भेसळीविरुद्धच्या कायद्यावर सही केली. सिनेटर बेव्हरिजने १९०० साली फिलिपिन्स कायमचं आपलं आहे म्हणून सिनेटमध्ये घणाघाती भाषण केलं. पुढे मांस तपासणीचा कायदा आणि बालमजुरीबंदीचं विधेयक यांसाठी झटणाराही तोच. उलट बाजूला अँड्र्यू कार्नेगी. त्याच्या होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात १८९२ चा संप गोळीबार होऊन चिरडला गेला, पण फिलिपिन्स घेण्याला त्याचा ठाम विरोध. त्याच्या जोडीला साम्राज्यविरोधी संघात लेखक मार्क ट्वेन होता. हा ट्वेन १८९६ च्या जानेवारीत मुंबई पाहून गेला होता.

मला यात विसंगती दिसत नाही. खालच्यांचं भलं कशात आहे ते शिकलेल्या, तज्ज्ञ माणसाने ठरवावं, हा या मंडळींचा पक्का विश्वास. शिकागोच्या चाळीत तो विश्वास नेला की स्वच्छता येते आणि मनिलात नेला की गव्हर्नर येतो.

समज : सरकारने जंगल राखावं ही कल्पना रूझवेल्टच्या अमेरिकेतली.

रूझवेल्टच्या काळात सुमारे १५ कोटी एकर जंगल नव्याने राखीव झालं हे खरं. त्याचा उजवा हात गिफर्ड पिन्शो, १९०५ पासून तिकडच्या वनखात्याचा पहिला प्रमुख. पण पिन्शोला दिशा दाखवली डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने. १८६४ पासून हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला मुख्य अधिकारी होता हाच ब्रँडिस. ब्रह्मदेशातल्या सागापासून त्याने कामाला सुरुवात केली होती. निवृत्त होऊन तो जर्मनीत राहत असताना तरुण पिन्शो त्याच्याकडे शिकायला गेला.

म्हणजे वाट उलटी होती. रेल्वेचे स्लीपर आणि सरकारी महसूल यांसाठी इथे बसवलेली शिस्त, १८७८ च्या कायद्यातलं राखीव आणि संरक्षित जंगल, साग कोणाचा आणि गवत कोणाचं याची वाटणी, हा सगळा अनुभव ब्रँडिसच्या गाठीशी होता. त्यातलं बरंच अमेरिकेत गेलं. तिथून ते आणखी पुढे गेलं. १९०२ मध्ये पिन्शो फिलिपिन्सला जाऊन आला, १९०४ मध्ये तिथे वनकायदा आला. डोंगरउतारावर जंगल तोडून-जाळून करायची ‘काइंगिन’ शेती तर त्याआधीच गुन्हा ठरली होती.

हे वाचताना आपल्याकडच्या कोणाला राब आठवला नाही तरच नवल. भाताचं, नाचणीचं, वरीचं रोप टाकायच्या तुकड्यावर शेण, ऐनाचे टाहळे, पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा थर, असं रचून उन्हाळ्यात भाजून काढायचं. तणाचं बी जळतं, राखेचं खत होतं आणि पहिल्या पावसात पेरलेलं रोप तरारून येतं. टाहळे रानातूनच आणायचे. वनखात्याच्या लेखी ही झाडांची नासधूस होती, कुळाच्या लेखी वर्षाची भाकरी. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत यावरून इतका असंतोष माजला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा.

पिन्शोचं सूत्र होतं जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त काळ भलं. सूत्र चांगलंच आहे. त्या लोकांत ठाकूर, कातकरी, फिलिपिन्सचे डोंगरी शेतकरी किंवा ज्यांची जमीन सरकारकडे जाऊन तिथे पुढे १९१० चं ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान झालं ते अमेरिकेतले मूलनिवासी ब्लॅकफीट धरायचे की नाही, हे ठरवायला त्यांच्यापैकी कोणी बसलेलं नव्हतं.

समज : मग त्या सुधारणा म्हणजे नुसतं ढोंग.

असंही नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली ती गुलामी मोडल्याबद्दल, आणि ते योग्यच होतं. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये अमेरिका पाहिली, तिथली सार्वजनिक ग्रंथालयं त्यांच्या मनात भरली. १९१० मध्ये त्यांनी बोर्डेन नावाचा अमेरिकी ग्रंथपाल बडोद्यात आणला, पेट्यांमधून गावोगाव पुस्तकं फिरू लागली. त्याच गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कला गेले आणि तत्त्वज्ञ जॉन ड्यूईंच्या वर्गात बसले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष विल्सनच्या राजवटीत वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत काळ्या कारकुनांना गोऱ्यांपासून वेगळं बसवायला सुरुवात झाली. विल्सनही सुधारकांतच मोडतो.

समज : हा सगळा जुना इतिहास झाला.

पोर्तो रिको आणि ग्वाममध्ये राहणाऱ्यांना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला आजही मत देता येत नाही. क्यूबातला ग्वांतानामोचा तळ १९०३ पासून अमेरिकेकडे आहे. आपल्याकडे १८७८ च्या कायद्याचा वारस असलेला १९२७ चा वनकायदा चालूच आहे. त्याच्या जोडीला २००६ चा वनहक्क कायदा आला आणि कसत असलेली जागा १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात आहे हे ग्रामसभेपुढे दाखवायची सोय झाली. दावा करणाऱ्यांकडे सातबारा नसतोच. तेव्हा वनखात्याने बापाला किंवा आजाला अतिक्रमण म्हणून केलेल्या दंडाची पावती जपून ठेवलेली असली, तर तीच पुरावा म्हणून अर्जाला जोडतात.