कर्मचारीगटातील विविधता आणि कार्यसमाधान : आदिलाबाद जिल्ह्याच्या संदर्भात

कार्यसमाधान म्हणजे केवळ पगाराविषयीचे समाधान नव्हे. एडविन लॉक यांनी १९७६ मध्ये त्याची व्याख्या करताना कामाच्या अनुभवातून येणाऱ्या सुखद भावनिक अवस्थेवर भर दिला. हा अनुभव बऱ्याच अंशी सहकाऱ्यांवर अवलंबून असतो. आदिलाबाद जिल्ह्यात तेलुगू, उर्दू, मराठी, गोंडी, कोलामी व लंबाडी या भाषा शेजारी-शेजारी नांदतात. त्यामुळे सहकारी निरनिराळ्या भाषांचे व जमातींचे असल्यास समाधान वाढते की घटते, हा येथील महाविद्यालयांपुढील प्रत्यक्ष प्रश्न आहे.

विल्यम्स व ओ'रायली यांनी १९९८ मध्ये चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेतला. विविधता असली की गट आपोआप चांगला चालतो, या समजुतीला त्यात आधार मिळाला नाही. त्याच वर्षी लाऊ व मर्निघन यांनी 'भेगरेषे'ची कल्पना मांडली, ती अधिक उपयोगाची आहे. भेद किती आहेत यापेक्षा ते एकावर एक कसे पडतात, हे त्यांनी महत्त्वाचे मानले. समजा, एखाद्या महाविद्यालयात अधिव्याख्याते सारे तेलुगू वा उर्दू बोलणारे आणि शिपाई सारे गोंड आहेत. येथे भाषा, जमात व हुद्दा यांची रेषा एकच होते. मग रजेच्या अर्जावरून झालेला वादही जमातीचा वाद बनतो. उलट प्रत्येक हुद्द्यावर प्रत्येक भाषेचे कोणी असेल, तर तेवढेच भेद असूनही भेग पडत नाही.

जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात या भेगरेषेचे परिणाम भोगावे लागले आहेत. सरकारी कर्मचारी बाहेरचे आणि गोंड केवळ अर्जदार, अशी स्थिती होती. १९४० मध्ये जोडेघाट येथे कुमराम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे गोंडांच्या स्थितीचा अभ्यास सोपवला. १९४३ मध्ये मार्लवाई (आता कुमराम भीम आसिफाबाद जिल्हा) येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघाले. थोडेफार मराठी लिहिता-वाचता येणारे गोंड तरुण तेथे घेतले गेले आणि गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत तयार झाली. गोंड माणूस प्रथमच मोठ्या संख्येने टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसला. पुढे येथे काम केलेले अधिकारी सेतुमाधवराव पगडी यांनी तर गोंडी शिकून तिचे व्याकरण लिहिले. बहुतेक कार्यालयांत भाषा शिकण्याचे ओझे कनिष्ठावरच असते!

कार्यसमाधान मोजतानाही हे लक्षात घ्यावे लागते. स्मिथ, केंडॉल व ह्यूलिन यांच्या १९६९ च्या मापिकेत काम, वेतन, बढती, पर्यवेक्षण व सहकारी असे पाच घटक आहेत. संपूर्ण संस्थेची एकच सरासरी काढली, तर भेगेच्या अलीकडचे समाधान पलीकडची नाराजी झाकून टाकते. म्हणून 'सहकारी' व 'पर्यवेक्षण' या घटकांचे गुण भाषा आणि हुद्दा यांनुसार वेगळे मांडावेत. प्रश्नावली इंग्रजीत छापून प्राचार्यांच्या दालनात भरून घेतली, तर शिपाई 'समाधानी' यावरच खूण करील.