शेवटच्या रांगेतला माईक

आमच्या एका एकांकिकेचं रेकॉर्डिंग ऐकायला सगळा संच एका खोलीत दाटीवाटीनं बसला होता. कॅमेरा उसना, पण चांगला. त्याच्या डोक्यावर माईकही होता, आणि हे सगळं प्रकरण शेवटच्या रांगेमागे तिकाटण्यावर उभं केलेलं. पडदा उघडला आणि पहिलं वाक्य विहिरीतून आल्यासारखं ऐकू आलं. मग चाळीस मिनिटं एसीची घरघर, कुणाचा तरी खोकला, आणि अगदी जवळून, लख्ख, वेफर्सच्या पुड्याची चुरचुर.

प्रयोगाच्या वेळी मी त्याच रांगेत बसलो होतो आणि मला शब्द न् शब्द ऐकू आला होता. हौशी आणि प्रायोगिक नाटकवाल्यांचे रेकॉर्डिंगबद्दलचे बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

“मला ऐकू येतंय, म्हणजे माईकलाही येणार”

येणार, पण सगळंच सारखं येणार. आपल्याला दोन कान असतात, आवाज कुठून आला ते मेंदू ओळखतो, डोळे ओठांकडे असतात. नको ते मेंदू बाजूला सारतो आणि संवाद तेवढा पुढे आणतो. माईक निवड करत नाही. त्याला नायिका आणि पुडा सारखेच, आणि पुडा जवळ असेल तर पुडाच मोठा.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी 6 डेसिबलनं उतरते. नटापासून 3 मीटरवरच्या माईकपेक्षा 24 मीटरवरच्या माईकला थेट आवाज 18 डेसिबलनं कमी मिळतो. नाट्यगृह म्हणजे मोकळं मैदान नव्हे. भिंतींवरून आणि छतावरून उलटून आलेला आवाज सभागृहात जवळपास सगळीकडे सारखाच भरून राहतो. त्यामुळे मागे आवाज अगदीच बारीक होतो असं नाही, पण थेट शब्दावर घुमणं चढतं. आमची विहीर तयार झाली ती अशी.

नाट्यगीतांच्या जुन्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या असतील त्यांना एक गंमत सांगतो. 1925 च्या सुमारास विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं. त्याआधी माईकही नव्हता आणि मिक्सरही. गायकानं कर्ण्यात तोंड घालून गायचं, साथीदार मागे-पुढे बसवायचे, झालं मिक्सिंग. सगळा समतोल अंतरावर. तंत्र शंभर वर्षं पुढे गेलं तरी हा हिशेब तसाच आहे. म्हणून पैसे कमी असतील तर ते आधी वायरीवर घाला. मागे ठेवलेल्या महाग माईकपेक्षा पुढे ठेवलेला स्वस्त माईक चांगला.

“स्वस्तातला माईक म्हणजे फक्त मुलाखतीपुरता”

मोबाईलला लावायचा वायरचा कॉलर माईक आठवा. असे काही माईक 6 मीटर वायरीसकट येतात आणि चारी बाजूंनी सारखे ऐकतात. तो नटाच्या कॉलरला न लावता रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीवर चिकटवा. व्यावसायिक नाटकातले फूट माईक जिथे असतात, तिथेच.

जमिनीवरच का? स्टँडवर हातभर उंच ठेवलेल्या माईकला नटाचा आवाज दोनदा मिळतो, एकदा थेट आणि एकदा जमिनीवरून उसळून, किंचित उशिरा. हे दोन्ही मिसळले की काही सूर एकमेकांना खोडतात आणि आवाज पोकळ लागतो. माईक जमिनीलाच टेकला की तो उशीर जवळजवळ उरत नाही. उलट दोन्ही लाटा एकमेकींत मिळून 6 डेसिबलपर्यंत नफा होतो, तोही फुकट.

तोटा पावलांचा. लाकडी रंगमंच ढोलासारखा वाजतो. जुन्या माऊसपॅडचा तुकडा खाली घाला, त्यावर माईक ठेवा आणि वायर काळ्या टेपनं चिकटवा. शक्य असेल तर फळ्यांऐवजी पुढचा सिमेंटचा भाग निवडा. रेकॉर्डरमध्ये 80 हर्ट्झच्या आसपासचा लो-कट असेल तर तो चालू करा. धपधप बरीच कमी होते आणि संवादाचं काही जात नाही. रंगमंच रुंद असेल तर असे दोन माईक ठेवा, पण एकमेकांपासून लांब. नट माईकपासून जितका दूर, त्याच्या तिप्पट अंतर दोन माईकांत असावं असा जुना ठोकताळा आहे. रंगमंचावर तो दरवेळी साधत नाही, पण दोन माईक शेजारी-शेजारी ठेवून काहीच साधत नाही.

पिन मात्र घरीच तपासा. मोबाईलसाठीच्या पिनेवर तीन काळ्या रेषा असतात, रेकॉर्डरसाठीच्या पिनेवर दोन. तिसऱ्या घंटेला हे लक्षात आलं तर उपयोग नाही.

संगीत नाटक असेल तर हा सल्ला जरा बदलतो. ऑर्गन आणि तबला रंगमंचासमोर बसत असतील तर मधोमध ठेवलेल्या फूट माईकच्या दृष्टीनं तबलजीच नायक. तिथे माईक दोन बाजूंना सरकवावे लागतात.

“साऊंडवाल्याकडून एक वायर घेतली की काम झालं”

हा सगळ्यांत पसरलेला गैरसमज, आणि त्यात अर्धं खरं आहे म्हणून जास्त फसवा. मिक्सरमध्ये असतं ते फक्त स्पीकरमधून वाजणारं. छोट्या नाट्यगृहात नट उघड्या गळ्यानं बोलत असतील तर मिक्सरच्या वायरीतून पार्श्वसंगीत, दाराची बेल आणि पावसाचा आवाज येईल. माणसं येणारच नाहीत. फूट माईक आणि हँगिंग माईक लावलेले असले तरी साऊंडवाला त्यांची पातळी सभागृहासाठी ठरवतो. आधीच मोठ्यानं बोलणाऱ्या नटाचा माईक तो खाली ठेवणार, आणि तुमच्या फाईलमध्ये तो नट कुजबुजणार.

ती वायर घ्यावीच, पण फूट माईकच्या जोडीला, वेगळ्या ट्रॅकवर. मिक्सरमधून येणारा सिग्नल माईकच्या सिग्नलपेक्षा कितीतरी जोरकस असतो, म्हणून रेकॉर्डरवर इनपुट ‘लाईन’ला ठेवा, नाहीतर पहिल्याच गाण्याला आवाज फाटेल. गुंऽऽ असा सूर लागला तर तो बहुतेक वेळा आपल्या विजेचाच, 50 हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा. रेकॉर्डर चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवला की पुष्कळदा तो तिथेच थांबतो. लाइटच्या डिमरच्या वायरींना समांतर आपली वायर टाकू नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. आणि साऊंडवाल्या दादांना भेटायचं ते प्रयोगाच्या दोन तास आधी, चहाच्या वेळी.

“मोबाईलवर काय रेकॉर्डिंग होणार?”

होतं, बरं होतं. मोबाईलची खरी खोड म्हणजे आवाज आपणहून वर-खाली करण्याची त्याची सवय. नट ओरडला की फोन पातळी दाबतो. नट थांबला की शांतता भरून काढायला ती वाढवतो. म्हणजे नाटकातला विराम, ज्यासाठी दिग्दर्शकानं तालमीत महिनाभर जीव काढला, त्या विरामात एसी फुगत फुगत पुढे येतो. पातळी हातानं ठरवू देणारं रेकॉर्डिंग ॲप वापरा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, जागा रिकामी आहे का बघा. बाकी माईकच्या जागेचा नियम फोनलाही तोच.

“काटा लाल रेषेला टेकला पाहिजे”

टेपच्या काळात हे बरोबर होतं, कारण आवाज कमी भरला तर टेपची सळसळ वर यायची. आज 24 बिटवर रेकॉर्ड करताना सर्वांत मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवला तरी काही बिघडत नाही. शून्याच्या वर गेलेला आवाज मात्र फाटतो आणि शिवता येत नाही. रंगीत तालमीत पातळी लावली तरी थोडी जागा सोडा. भरल्या सभागृहासमोर नट तालमीपेक्षा मोठ्यानं बोलतो आणि टाळ्या त्याच्याहून मोठ्या असतात. हल्ली 32 बिट फ्लोटचे छोटे रेकॉर्डर मिळतात, त्यांत ही काळजी बरीचशी मिटते. पण माईकच स्वतः गुदमरला तर त्यांचाही इलाज नाही.

शॉटगन माईकबद्दल थोडक्यात: तो दुर्बीण नाही. लांबचं जवळ आणत नाही, बाजूचं कमी करतो, तेही मुख्यतः वरच्या सुरांत. बंद सभागृहात भिंतींवरून परतणारा आवाज त्यालाही चकवतो.

“नंतर सॉफ्टवेअरमध्ये साफ करू”

एसीची एकसुरी घरघर ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरनंही बरीच कमी होते. त्यासाठी पडदा उघडण्याआधी, एसी आणि लाइट चालू असताना, कुणी बोलत नसलेलं अर्धं मिनिट रेकॉर्ड करून ठेवा. तोच नमुना सॉफ्टवेअरला द्यायचा. संवादावर पडलेला खोकला, घुमणं आणि फाटलेला आवाज यांचं काम अवघड. फार घासलं की नट पाण्याखालून बोलतो.

चित्राशी जुळवणीचा प्रश्न वेगळा. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. 24 मीटरवरच्या कॅमेऱ्याला तो 70 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, म्हणजे सेकंदाला 25 चौकटी धरल्या तर जवळपास दोन चौकटी. म्हणून फूट माईकचा आवाज कॅमेऱ्याच्या आवाजाशी नव्हे, चित्रातल्या ओठांशी जुळवा. दोन यंत्रांची घड्याळंही अगदी एक चालत नाहीत. दोन तासांत चार-पाच चौकटींचा फरक सहज पडतो. मध्यंतर आहे म्हणून बरं. दुसरा अंक पुन्हा नव्यानं जुळवता येतो.

प्रेक्षकांकडे वळवलेला एखादा माईकही असू द्या. हशाशिवाय फार्स ऐकून बघा, नट वेडे वाटतात.

48 किलोहर्ट्झ, 24 बिट, स्टिरिओ अशा रेकॉर्डिंगला तासाला साधारण एक जीबी लागतं. कार्ड त्या हिशेबानं घ्या, बॅटरी दोन जोड्या घ्या, नाटककाराची परवानगी घ्या, आणि फाईल दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय कार्ड पुसू नका.

आमच्या त्या एकांकिकेचे अकरा प्रयोग झाले. रेकॉर्डिंग एकच आहे, आणि नायिकेच्या स्वगताच्या शेवटी त्यात पुडा चुरगळून खिशात ठेवल्याचा आवाज आहे.