नाशिकपासून 880 किलोमीटर

नाशिकच्या ओझर विमानतळावरून बंगळुरूचे विमान पकडले की साधारण दोन तासांत आपण तिथे उतरतो. हवाई अंतर सुमारे 880 किलोमीटर. तेवढ्याच लांबीचा दोरा नाशिकला बांधून वायव्येकडे ताणला तर दुसरे टोक पोहोचते कराचीत! दिल्ली नाशिकहून हजार किलोमीटरच्या पुढे आहे. म्हणजे देशाच्या राजधानीपेक्षा आपल्याला कराची जवळ. मी हा हिशेब तीनदा केला, कारण पहिल्यांदा विश्वासच बसला नाही.

आता तिथे जायचे कसे? थेट विमान नाही. एप्रिल 2025 मध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाशच बंद केले. व्हिसाचा प्रश्न बाजूला ठेवून नुसते अंतर मोजू. कसारा घाट उतरून मुंबईचा विमानतळ, 170 किलोमीटर. तिथून दुबई, 1,930. दुबईहून मागे फिरून कराची, 1,190. बेरीज 3,290 किलोमीटर, म्हणजे सरळ रेषेच्या जवळजवळ पावणेचारपट! विमानतळांवरचे ताटकळणे धरले तर पंधरा तास सहज जातात.

आता 15 ऑक्टोबर 1932 ची सकाळ पाहा. जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोड धावपट्टीवरून 6 वाजून 35 मिनिटांनी निघाले. एका इंजिनाचे ‘पस मॉथ’ विमान, वेग ताशी 160 किलोमीटरच्या आसपास, सोबत लंडनहून आलेली टपाल. वाटेत अहमदाबादला उतरले, तेव्हा पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी 1 वाजून 50 मिनिटांनी ते जुहूला उतरले. बैलगाडीचा खोळंबा धरूनही सव्वासात तास! आजचे प्रवासी विमान त्याच्या पाचपट वेगाने उडते, आणि तरीही प्रवास दुपटीने लांबला आहे. पुढे 1982 मध्ये, त्याच तारखेला, वयाच्या 78 व्या वर्षी जे. आर. डीं.नी हेच उड्डाण पुन्हा करून दाखवले. तेव्हा ते आकाश खुले होते.

1932 मध्ये तर कराची परदेश नव्हतीच. सिंध 1 एप्रिल 1936 ला वेगळा प्रांत झाला. तोवर नाशिक आणि कराची एकाच मुंबई इलाख्यात होती. तिकडे शाळा काढायलाही आपलीच माणसे गेली. 1855 साली कराचीत सिंधमधली पहिली सरकारी शाळा सुरू झाली. तिकडे गेलेल्या अशाच एका माणसाचे, रावबहादूर नारायण जगन्नाथ वैद्य यांचे, नाव त्या शाळेने आजही जपले आहे. फाळणीनंतर माणसे उलट दिशेने आली. सिंधमधून बोटीने मुंबईला उतरलेल्या कित्येक निर्वासितांना देवळालीच्या छावणीत जागा मिळाली, आणि त्यांची पुढची पिढी नाशिककर झाली.

घरात मुलांचा अ‍ॅटलास असेल तर काढा. कंपासचे टोक नाशिकवर ठेवा, पेन्सिल कराचीपर्यंत न्या आणि वर्तुळ फिरवा. रेघ बंगळुरूच्या आसपास येईल. दिल्ली, चेन्नई आणि कोलकाता मात्र वर्तुळाबाहेर राहतील.